उकडीचा गोड पाव आणि लेबलावरचा पत्ता

 

आज आम्ही पावाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, पावाविषयी काय बोलायचं? सकाळी पाववाला येतो, भोंगा वाजवतो, दहा-वीस रुपयांचे पाव घेतले, चहात बुडवले, संपलं. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण या पावापायी आमच्या गटात जेवढी भांडणं झाली आणि जेवढं शिकणं झालं, तेवढं पापड-मसाल्याच्या पाच वर्षांत झालं नव्हतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगून टाकू.

सुरुवात एका पोरीमुळे झाली. आमच्या गटातल्या एका वहिनींची मुलगी आठवीत आहे. तिने फोनवर एक पाव पाहिला. चौकोनी डब्यात नऊ गोळे एकमेकांना चिकटून बसलेले, वरून बदामी, आतून पिवळसर, आणि हाताने सोडवला की कापसासारखी तार सुटते. म्हणाली, "आई, हा हवाईयन ब्रेड. असा कर ना." वहिनींनी हे मासिक बैठकीत सांगितलं तर हशा पिकला. हवाई पाव म्हणजे विमानात देतात तो का गं? एक मावशी म्हणाल्या, हवा भरलेला असेल, म्हणून हवाई. मावशींचं तसं फार चुकलं नव्हतं, पण ते पुढे सांगतो.

हवाई हे बेटांचं नाव. प्रशांत महासागरातली बेटं, आज अमेरिकेचं एक राज्य. पूर्वी तिथे उसाचे मोठमोठे मळे होते आणि राबायला माणसं कमी पडायची, म्हणून बाहेरून मजूर आणायचे. चीनमधून आणले, जपानमधून आणले, आणि १८७८ पासून पोर्तुगालच्या मदेरा आणि अझोर्स या बेटांवरून आणले. ही माणसं बायका-पोरांसह बोटीत बसून अर्धी पृथ्वी ओलांडून गेली. त्यांनी बरोबर आपली गोड पावाची रीत नेली. दूध, अंडी, लोणी, साखर घातलेला पाव, सणासुदीला करायचा. मळ्याच्या वस्तीत घराबाहेर त्यांनी दगडाच्या भट्ट्या बांधल्या. पुढे १९५० साली तिथल्या हिलो गावात रॉबर्ट तैरा नावाच्या तरुणाने बेकरी काढली. त्याचं कुटुंब जपानहून आलेलं. त्याने तोच पोर्तुगीज पाव जास्त दिवस मऊ राहील असा केला, आणि तो सगळ्या अमेरिकेत गेला. म्हणजे रीत पोर्तुगालची, हात जपानी घरातले, आणि नाव हवाईचं.

हे वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं, अरे, ही माणसं तर आपल्या ओळखीची. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला. पाव हा शब्दच त्यांच्या भाषेतला. गोव्यात पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात. यीस्टची पाकिटं मिळत नव्हती तेव्हा हे पोदेर माडाची सूर घालून पीठ फुगवायचे. आणि गोवा तरी कशाला, आपल्याच रायगड जिल्ह्यात रेवदंड्याला आणि कोर्लईला १७४० पर्यंत पोर्तुगीज होते. कोर्लईत आजही काही ख्रिस्ती घरांत आईबाप मुलांशी जी बोली बोलतात ती पोर्तुगीजमधून निघालेली आहे. म्हणजे पाववाल्याच्या पिशवीतला पाव आणि पोरीच्या फोनमधला पाव एकाच आजीच्या दोन नाती. एक इथे आली, एक तिकडे गेली.

आता आमच्या फजित्या सांगतो. त्या आधी ऐका म्हणजे तुमचा मैदा वाचेल.

पहिल्या वेळी आम्ही दूध कडकडीत तापवलं आणि त्यातच यीस्ट टाकलं. यीस्ट जिवंत असतं, मैत्रिणींनो. दह्याचं विरजण आपण उकळत्या दुधात घालतो का? तसंच हे. ते मेलं. दोन तास वाट पाहिली, गोळा होता तसाच. तरी भाजला. तो पाव आम्ही शेवटी गुरांना घातला, आणि म्हशीनेही आधी वास घेतला.

दुसऱ्या वेळी यीस्ट नीट होतं, पण गोड हवा म्हणून साखर ओतली. साखर जास्त झाली की ती पिठातलं पाणी स्वतःकडे ओढते आणि यीस्टला पाणी मिळत नाही. मग फुगायला दुप्पट वेळ लागतो, आणि आपल्याला वाटतं बिघडलं. त्या दिवशी आम्ही घाई करून अर्धवट फुगलेलंच भाजलं. चवीला बरं, पण जड. आत ओलसर.

तिसरी फजिती सगळ्यात मोठी. हवाईच्या पावात पुष्कळ ठिकाणी अननसाचा रस घालतात असं त्या मुलीने सांगितलं. आम्ही महाडच्या बाजारातून छान पिकलेला अननस आणला, किसला, पिळला, रस गाळून मैद्यात घातला. आधी गोळा सुरेख झाला. तासाभराने झाकण काढलं तर परातीत लापशी! चिकट, पातळ, बोटांतून गळणारी. आम्ही एकमेकींवर खापर फोडलं, पाणी तू जास्त घातलंस, नाही तूच. खरं कारण नंतर कळलं. कच्च्या अननसात एक पाचक द्रव्य असतं, ते मैद्यातली तार तोडतं. अननस जास्त खाल्ला की जीभ चरचरते, तीही त्याचीच करामत. कच्च्या पपईतही असंच द्रव्य असतं, म्हणून तर मटण शिजायला पपई लावतात. उपाय अगदी सोपा आहे. रस उकळून घ्यायचा आणि थंड करून वापरायचा. उकळला की ते द्रव्य निकामी होतं. डब्यातला रस आधीच तापवलेला असतो, म्हणून परदेशातल्या बायकांचं बिघडत नाही आणि आपलं बिघडतं.

चौथ्या वेळी पाव पाव झाला. फुगला, बदामी झाला. पण दुसऱ्या दिवशी वातड. मुलीने एक तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाली, "हा हवाई नाही." तिचं बरोबर होतं.

तेव्हा आमच्या गटातल्या एका आजींनी मार्ग काढला. त्या आता हप्ता भरत नाहीत, पण बैठकीला येऊन बसतात. म्हणाल्या, "मोदकाची पारी दुसऱ्या दिवशी पण मऊ का राहते? उकड काढता म्हणून ना? मग याची पण थोडी उकड काढा." आम्ही हसलो. मैद्याची उकड कोण काढतं? पण काढली. आणि तो पाव तीन दिवस मऊ राहिला.

मग शोधल्यावर समजलं की जपान आणि चीनकडचे बेकरीवाले मऊ पावासाठी नेमकं हेच करतात. पीठ गरम दुधात किंवा पाण्यात शिजलं की ते थंड पिठाच्या कितीतरी पट पाणी पितं, आणि पिलेलं पाणी भाजतानाही सोडत नाही. म्हणून असा पाव वातड व्हायला वेळ लागतो. आजींनी कुठल्या बेकरीत काम केलेलं नाही. तांदळाची भाकरी आणि मोदक एवढ्यावरच त्यांनी हे ओळखलं.

आता कृती. वही-पेन घ्या. वजनकाटा असेल तर फार बरं. गटाच्या मसाल्यासाठी घेतलेला छोटा काटा चालतो. वाटीने मोजाल तर प्रत्येकीची वाटी वेगळी, मग आम्हाला नावं ठेवू नका.

नऊ पावांसाठी मैदा एकूण ३०० ग्रॅम. त्यातला २० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट मोठे चमचे, बाजूला काढा. तो १०० मिली थंड दुधात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. खळीसारखं दाट झालं, चमचा फिरवला की भांड्याचा तळ दिसला, की उतरवा. ही आपली उकड. ती पूर्ण निवू द्या. अंगठा बुडवून बघा, कोमट लागली तर चालेल, चटका बसला तर थांबा.

उरलेल्या २८० ग्रॅम मैद्यात ५० ग्रॅम साखर, पाऊण छोटा चमचा मीठ आणि दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट घाला. यीस्ट जुनं असेल तर आधी तपासा. चार चमचे कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि तेवढंच यीस्ट टाकून दहा मिनिटं ठेवा. फेस आला तर जिवंत. नाही आला तर पाकीट फेकून द्या, जीव जाळू नका. मग उकड घाला, आणि ११० मिली दूध किंवा उकळून निवलेला अननसाचा रस. हे सगळं एकदम ओतू नका, दोन चमचे हातचे राखा. आत्ता पावसाळ्यात मैदा हवेतलंच पाणी ओढून बसलेला असतो, त्याला कमी लागतं. मे महिन्यात राखलेले दोन चमचेही घालावे लागतात.

गोळा हाताला चिकटेल. चिकटू द्या. इथेच सगळ्या बायका चुकतात, आम्हीही चुकलो. चिकटतं म्हणून वरून मैदा लावत गेलं की पाव दगड झालाच म्हणून समजा. पुरणपोळीची कणीक आपण सैल ठेवून तिंबतो, तशी तिंबायची. पाच मिनिटं तिंबून मग ४० ग्रॅम लोणी थोडं थोडं घालत पुन्हा दहा मिनिटं. लोणी नसेल तर अर्धं तूप, अर्धं तेल. गोळ्याचा छोटा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी ताणून पाहा. न फाटता पातळ पडद्यासारखा झाला, पलीकडचा उजेड दिसला, की झालं. नाही झालं तर अजून पाच मिनिटं. तिंबताना पाळीपाळीने बसा, गटाचा तोच फायदा.

झाकून ठेवा. उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होतं, थंडीच्या दिवसांत दोन-अडीच तास लागतात. घड्याळाकडे पाहू नका, गोळ्याकडे पाहा. दुप्पट झाला की हवा दाबून काढा, नऊ सारखे गोळे करा, तेल लावलेल्या डब्यात थोडं अंतर सोडून मांडा आणि पुन्हा फुगू द्या. बोट हलकेच टोचून पाहा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. हळूहळू अर्धा भरला तर भाजायला घ्या. मुळीच भरला नाही तर उशीर झाला, पळा. वरून दुधाचा हात फिरवा.

अंड्याचं विचाराल. मूळ पावात अंडं असतं आणि त्याने रंग, चव दोन्ही छान येतं. घरी खायला घाला. आम्ही विकायच्या पावात घालत नाही, कारण अंडं घातलं की पाकिटावर हिरवी खूण लावता येत नाही. नाचणीचं विचाराल, तर चौथा हिस्सा मैदा काढून नाचणीचं पीठ घालता येतं. त्याहून जास्त नको, नाचणीत तार नसते, पाव बसतो. आणि एक गोष्ट उघड बोलू. हा मैदा-साखरेचा पदार्थ आहे. ज्यांच्या घरी साखरेचा आजार आहे त्यांनी रोज करू नका.

आता भाजणं. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, विशेषतः या दिवसांत, तेव्हा विजेचा ओव्हन सोडूनच द्या. जाड बुडाची कढई किंवा पातेलं घ्या, तळाला दोन बोटं चाळलेली कोरडी वाळू, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापू द्या, मग डबा आत ठेवा. तीस-पस्तीस मिनिटं. पहिली वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून. हे विसरू नका, बाई, यात चेष्टा नाही.

कढईत एक अडचण येते. खालून भाजतं, वरून पांढरं राहतं. त्यावरही आजीच. "धोंडस कसं करायचो आम्ही? वर-खाली विस्तव." काकडीचं धोंडस ज्यांच्या माहेरी होतं त्यांना माहीत आहे, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे. आम्ही नारळाच्या करवंट्यांचे निखारे करून शेवटची दहा मिनिटं लोखंडी झाकणावर ठेवले. पाव वरून असा बदामी झाला की मुलीने फोनमधलं चित्र शेजारी धरून पाहिलं. काही बोलली नाही, खायला बसली.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. इथून पुढची जरा कठीण आहे, पण तीही आमचीच.

एका कढईत एका वेळी नऊ पाव. मागणी आली छत्तीसची, एका बारशासाठी. आमच्या गटात एक ताई आहेत, त्यांचे यजमान मुंबईला बेकरीत कामाला होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी आले ते परत गेले नाहीत. त्यांनी घरामागे विटा-मातीची छोटी भट्टी बांधलेली होती, एका वेळी सहा डबे बसतात. भाऊजींनी आम्हाला भट्टी ओळखायला शिकवलं. आत चिमूटभर मैदा टाकायचा. लगेच काळा पडला तर भट्टी फार तापली, दार उघडं ठेवून थांबायचं. हळूहळू बदामी झाला तर डबे आत. एवढ्या वर्षांची मजुरी त्यांनी आम्हाला एका दुपारी फुकट शिकवली. ताईंचं घर ओढ्यापलीकडे बौद्धवाडीत आहे.

आमच्या गटात सगळ्या वाड्यांच्या बाया आहेत. बैठकीला एका सतरंजीवर बसतो, एका पेटीत पैसे टाकतो, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो. तरी भट्टी त्यांच्या घरी करायची म्हटल्यावर पहिल्या दिवशी आमच्यातल्या दोघी कामाला आल्या आणि चहा आला तेव्हा "नको गं, उपास आहे" म्हणून उठल्या. त्या दिवशी कसला उपास नव्हता. ताईंनी कप तसेच परत आत नेले. त्या वेळी आम्ही कोणीच काही बोललो नाही. हे सांगायला जड जातं, पण सांगायला हवं.

बारशाचे पाव गेले, सगळ्यांना आवडले. मग कायद्याने विकायचं म्हणून अन्न सुरक्षा नोंदणी केली. लहान उद्योगाची ही नोंदणी वर्षाला शंभर रुपये शुल्कात होते, आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. पाकिटावर तो क्रमांक, वजन, तारीख, घातलेले जिन्नस आणि करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो. पत्ता म्हणजे जिथे माल तयार होतो तिथला. म्हणजे बौद्धवाडी.

त्या बैठकीत आवाज चढले. एक म्हणाली, गावाचं नाव आणि तालुका लिहा, वाडी कशाला? दुसरी म्हणाली, गटाच्या अध्यक्षांच्या घरचा पत्ता टाका, कोण बघायला येतंय? तिसरी म्हणाली, आपल्याला कुणाशी भांडायचं नाही, आपल्याला पाव विकायचे आहेत. या सगळ्या वाईट बायका नाहीत. त्यांना धंद्याची काळजी होती, आणि काळजी खोटीही नव्हती. कारण त्याच आठवड्यात एका मोठ्या घरून साखरपुड्याची मागणी आली होती. फोनवर सगळं ठरलं, शेवटी विचारलं, "करता कुठे?" आम्ही सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पाहुणे कमी झाले, पाव नकोत.

ताई सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पत्ता बदलायचा असेल तर बदला. पण मग भट्टीपण तिकडेच न्या. माझ्या भट्टीचा पाव आणि दुसरीचा उंबरा, हे मला जमणार नाही."

आजी कोपऱ्यात होत्या. त्यांनी एक जुनी गोष्ट काढली, गोव्या-वसईकडे सांगतात ती. पोर्तुगिजांच्या काळात म्हणे पाद्री गावच्या विहिरीत पाव टाकायचे. नकळत त्या विहिरीचं पाणी प्यायलं की अख्खा गाव बाटला, जातीबाहेर गेला. घडलं किती आणि सांगोवांगी किती, ते देव जाणे. पण एका पावाने विहीर बाटते असं लोक मानायचे हे तर खरं. आजी म्हणाल्या, "तेव्हा पाव शिवला म्हणून माणसं टाकली. आता तोच पाव सगळ्यांच्या चहात, आणि विचारताय कुणाच्या घरचा."

मैत्रिणींनो, आपण महाडच्या बाया. चवदार तळं आपल्या बाजाराच्या वाटेवर आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी त्या तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायलं, आणि नंतर त्याच तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून ते शुद्ध केलं गेलं. गुरं त्या तळ्यावर पाणी पीत होती, त्याला कुणाची हरकत नव्हती. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. हे आपण शाळेत शिकलो, वीस मार्चची गर्दी दरवर्षी बघतो. आणि २०२१ च्या जुलैत पूर आला, चुली पाण्याखाली गेल्या, तेव्हा मदतीच्या गाड्यांतून आलेले पाव-बिस्किटाचे पुडे आपण सगळ्यांनी मिळून वाटून खाल्ले. कुणी विचारलं नाही, कुठल्या भट्टीचा.

बैठकीत मतदान घेतलं. आम्ही अकरा जणी. सात विरुद्ध तीन, एक गैरहजर. वाडीच्या नावासह पूर्ण पत्ता छापला. ज्या तिघी विरोधात होत्या त्यांतली एक महिनाभर आली नाही, नंतर आली. उपासवाल्या दोघींपैकी एक आता भट्टीवरच चहा ठेवते. दुसरी ठेवत नाही, पण तिंबायला येते. जशी आहे तशी परिस्थिती सांगतोय.

गिऱ्हाईक किती तुटलं? दोन दुकानांनी पाकिटं ठेवायचं बंद केलं, कारण सांगितलं नाही. पोलादपूरच्या बाजूचं एक दुकान नवीन लागलं, हायवेवरच्या एका चहाच्या टपरीवाल्यानेही सुरू केलं. काशेडीतून येणाऱ्या गाड्यांना वाडीचं नाव वाचायला वेळ नसतो, त्यांना चहाबरोबर मऊ पाव पाहिजे.

हिशेबही ऐका, कारण उमेदच्या नाहीतर महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बैठकीत ताई-मॅडम आधी तेच विचारतात. नऊ पावांना मैदा बारा रुपयांचा, दूध तेरा, साखर तीन, तूप-तेल मिळून चौदा, यीस्ट तीन. झाले पंचेचाळीस. लाकूड नाहीतर गॅस आठ, पाकीट-लेबल दोन. एकूण पंचावन्न. आम्ही नऊची लादी नव्वदला देतो. उरले पस्तीस. एका लादीसाठी तीन तास घालवले तर ही मजुरी म्हणजे चेष्टा आहे. भट्टीत सहा डबे एकदम लागले तर दोनशे दहा उरतात, आणि वेळ थोडाच जास्त लागतो, कारण पीठ फुगत असताना आपण भातात असतो. त्यातून भट्टीचं भाडं म्हणून ताईंना वेगळे तीस देतो. भट्टी त्यांची, विटा त्यांच्या, ते फुकट वापरायचं नाही हेही बैठकीत ठरलं. अननस घातला तर लादीला दहा रुपये खर्च वाढतो, तो फक्त मागणीवर. म्हणून आमचा सल्ला, पहिल्या महिन्यात ओव्हनसाठी कर्ज काढू नका. कढई, वाळू आणि करवंट्या. महिनाभर मागणी टिकली, तर मग मोठ्या भांड्याचा विचार करा.

टिकण्याचं म्हणाल तर पावसात दोन दिवस, उन्हाळ्यात दोनच, थंडीत तीन. गरम पाव पिशवीत कोंडू नका, वाफ धरते आणि बुरशी येते. पूर्ण निवल्यावरच भरा. फ्रिजमध्ये ठेवू नका, उलट लवकर वातड होतो.

आता गणपती येतील, चाकरमानी येतील, घरं भरतील. आम्ही गणपतीच्या आदल्या आठवड्यात चार दिवस भट्टी लावणार आहोत, आणि गौरीच्या दिवशी बंद ठेवणार आहोत, कारण त्या दिवशी आम्हालाही घर आहे. मागणी आपल्या गावच्या ग्रामसंघाच्या वहीत लिहा, चार दिवस आधी लिहा, आयत्या वेळी फोन करू नका. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी बुधवारी दुपारी तीननंतर या. येताना आपली परात आणा. बौद्धवाडीत कुणालाही विचारा, भट्टीचा वास आला की तेच घर. आणि गेल्या खेपेला गावोगावी नेलेले आमचे सात डबे अजून परत आलेले नाहीत, ते तेवढे पाठवून द्या. नमस्कार.